पाणघोडा : गवत खाणारा प्राणी इतका तापट कसा?

माळावरचा

जुलैत केनियाला जायचं घाटतंय. सहलवाल्यांनी सूचनांचं पत्रक पाठवलंय, त्यात सिंहावर एक ओळ आणि पाणघोड्यावर अख्खा परिच्छेद. अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय तंबूबाहेर पडू नका, नदीकाठच्या पायवाटांवर फिरू नका, वगैरे. त्यावरून घरात वाद झाला. बायकोचं म्हणणं, जो दिवसभर पाण्यात डुंबतो आणि रात्री गवत खातो, त्याचं माणसाशी काय वाकडं? चिरंजीवांनी लगेच मोबाइलवरून 'वर्षाला पाचशे माणसं मारतो' हा आकडा काढला. मला दोन्ही बाजू पुरत्या पटल्या नाहीत.

तर जाणकारांनी सांगावं. गवतावर जगणारा प्राणी इतका तापट का? पाचशेचा आकडा खरा का? आणि तो पोहतो की नाही? यावर आंतरजालावर दोन तट दिसतात.

बेरकी_बाळू

आमच्या सोसायटीचे चेअरमनही शुद्ध शाकाहारी आहेत.

तिरफळ

बाळू, धागा सुरू होऊन पाच मिनिटं नाही झाली :)

पोहण्याबद्दल सांगते. पाणघोडा पोहत नाही. हाडं जड आहेत, त्यामुळे तो तळाशी चालतो, पाय रेटून उडी मारल्यासारखा पुढे जातो आणि श्वासासाठी वर येतो. मोठा नर पाचेक मिनिटं श्वास रोखू शकतो. झोपेतही तो न जागता वर येऊन श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. पिल्लू बहुतेकदा पाण्यातच जन्मतं आणि पाण्याखालीच दूध पितं, कान-नाकपुड्या मिटून. म्हणूनच त्याला खोल नदी फारशी मानवत नाही. पाय टेकतील इतकं पाणी, जवळ मंद उताराचा काठ आणि त्यापलीकडे गवत, असं ठिकाण त्याला हवं असतं.

कंपालाकर

नोकरीमुळे युगांडात राहतो, म्हणून लिहायचं धाडस करतो. तिरफळताईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण माळावरचा यांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

इथे क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात एडवर्ड आणि जॉर्ज ही दोन सरोवरं जोडणारा काझिंगाचा प्रवाह आहे. दुपारी बोटीतून गेलं की काठाला पाणघोड्यांच्या पाठी एकीला एक लागलेल्या दिसतात. कुणी जांभई देतो, कुणी शेजाऱ्याला ढुशी देतो. पर्यटकांना वाटतं, किती आळशी, किती गोड! पण त्याचा खरा दिवस सूर्य बुडाल्यावर सुरू होतो. एकेक जण बाहेर पडतो आणि ठरलेल्या वाटेने गवताकडे जातो. पाण्यात खेटून बसणारे चरताना मात्र वेगवेगळे असतात, फक्त आईबरोबर पिल्लू. पाच-सहा तास चरायचं, पहाटेआधी परत. गरज पडली तर काही किलोमीटरही जातात. वाटा पिढ्यान्पिढ्या त्याच, त्यामुळे जमीन खोलगट होते. बोत्स्वानात ओकावांगोच्या दलदलीत तर त्यांच्या येण्याजाण्याने पाण्याचे मार्ग मोकळे राहतात.

आता त्याच वाटेवर माणूस कधी असतो? पहाटे पाणी भरायला गेलेली बाई, रात्री जाळं ओढणारा कोळी, काठच्या मक्याची राखण करणारा शेतकरी. जमिनीवर पाणघोड्याला धोका वाटला की तो पाण्याकडे धावतो आणि वाटेत जो येईल त्याला तुडवतो किंवा चावतो. इथले वनरक्षक पाहुण्यांना पहिली सूचना हीच देतात की तो आणि पाणी यांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

पशुवैद्य_मिरज

चांगला धागा. खाण्याबद्दल थोडं.

पाणघोड्याचं पोट तीन कप्प्यांचं असतं, पण तो रवंथ करत नाही. गवत दातांनी तोडत नाही, अर्धा मीटर रुंद ओठांनी खुडतो. ते भलेमोठे सुळे खाण्यासाठी नाहीतच. तोंड दीडशे अंशांपर्यंत उघडतं, खालचे सुळे अर्धा मीटरपर्यंत वाढतात आणि ते सगळं भांडणासाठी.

गंमत पुढे आहे. दीड टनाचा हा प्राणी रात्रीत साधारण ४० किलो गवत खातो. आमच्याकडची मुऱ्हा म्हैस जेमतेम साडेपाच-सहाशे किलोची, तीही हिरवा चारा तीस-चाळीस किलो संपवते! म्हणजे वजनाच्या मानाने पाणघोडा फार कमी खातो. त्याला परवडतं, कारण दिवसभर पाणी त्याचं वजन पेलतं, ऊन लागत नाही, हालचाल नाही. ऊर्जा वाचवायची ही रीत आहे, तिला आळस म्हणू नये.

आणि 'गवत खातो म्हणजे गरीब' हे समीकरण मुळातच चुकीचं. शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही विचारा, मारका वळू काय असतो ते.

रोखठोक

पाचशेचा आकडा मीही दहा ठिकाणी वाचला. कुठे 'तीन हजार'ही. मोजले कुणी आणि कसे, हे एकाही ठिकाणी नाही. झांबिया किंवा मलावीच्या एखाद्या खेड्यात माणूस नदीवर गेला आणि परतला नाही, तर मगरीने ओढला की पाणघोड्याने डोंगी उलटवली, याची नोंद कोण ठेवतं? तेव्हा 'आफ्रिकेतला सगळ्यात घातक प्राणी' हे बिरुद मला सहलवाल्यांचं वाटतं. डासाला कुणी तिकीट काढून बघायला जात नाही ना!

आपल्याकडे सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. तरी आपण शेतात जातोच.

कंपालाकर

रोखठोक, आकड्याबद्दल सहमत. पण बिरुद सहलवाल्यांचं, याला असहमत. नदीवर जगणाऱ्यांना विचारा. मे २०२३ मध्ये मलावीच्या न्सान्जे जिल्ह्यात शिरे नदीत पाणघोड्याने एक डोंगी उलटवली. तीत ३७ जण होते, शेताकडे निघालेले. एक लहान मूल गेलं आणि तेवीस जण बेपत्ता झाले. ते कुठल्याही सफारीला निघाले नव्हते. नदीपलीकडे शेत होतं आणि पूल नव्हता, एवढंच.

रोखठोक

हे मान्य. पण मग दोष पुलाचा की पाणघोड्याचा?

कंपालाकर

मी तेच तर म्हणतोय.

सावली_म

कुणी त्याच्या लाल घामाबद्दल लिहिलं नाही अजून? शाळेत 'पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो' असं वाचलेलं आठवतं.

पशुवैद्य_मिरज

तो ना रक्त, ना खरा घाम. त्याच्या त्वचेत आपल्यासारख्या घामाच्या ग्रंथी नाहीत. वेगळ्या ग्रंथींमधून एक चिकट, रंगहीन स्राव येतो, तो काही मिनिटांत लाल होतो आणि मग तपकिरी. २००४ साली जपानी संशोधकांनी त्यातली दोन रंगद्रव्यं वेगळी केली, एक लाल, एक नारिंगी. लाल द्रव्याला हिप्पोसुडोरिक आम्ल नाव दिलं. ती अतिनील किरणं शोषतात, शिवाय लाल द्रव्य काही जिवाणूंची वाढ रोखतं. अंगावर केस जवळजवळ नाहीत, वरची कातडी पातळ, भांडणाच्या जखमा कायमच्या आणि राहणं घाण पाण्यात. तरी जखमा सहसा चिघळत नाहीत, त्यामागे या द्रव्याचा हात असावा असं मानतात.

बेरकी_बाळू

एसपीएफ किती? बायको विचारतेय.

अनघड

ज्या विषयाला सगळे शिताफीने बगल देताहेत तो मी काढतो. शेण.

केनियाच्या मारा नदीत सुमारे चार हजार पाणघोडे आहेत. ते रात्री माळावर खातात आणि दिवसा नदीत हगतात (सभ्य शब्द सुचत नाही, संपादकांनी माफ करावं). अमांडा सुबालुस्की आणि ख्रिस्तोफर डटन या संशोधकांनी हिशेब मांडला : रोज सुमारे ३६ हजार किलो सेंद्रिय माल माळावरून नदीत. कोरड्या दिवसांत प्रवाह मंदावतो, पाणघोड्यांच्या डोहात तो साचतो आणि तळाचं पाणी प्राणवायूविना काळं होतं. मग वरच्या अंगाला पाऊस पडतो, लोंढा येतो, डोह धुतला जातो आणि ते काळं पाणी खाली जातं. मासे तडफडून मरतात. गिधाडं, मारबू करकोचे आणि मगरी मेजवानीला हजर. मेलेले मासे पाहून आधी लोकांना वाटायचं की शेतीतली औषधं किंवा गावाचं सांडपाणी. त्यांचा २०१८ सालचा लेख आला तेव्हा कळलं की यातले काही मत्स्यमृत्यू पाणघोड्यांमुळेच घडतात.

माझं मत : आपण 'निर्मळ नदी' म्हणून जे चित्र डोक्यात घेऊन बसतो ते माणसाने जनावरं हटवल्यानंतरच्या नदीचं आहे. एके काळी आफ्रिकेतल्या कितीतरी नद्या अशाच गढूळ, शेणकट आणि जिवंत असणार.

तिरफळ

अनघड, शेवटचा परिच्छेद आवडला. एक भर घालते. गवतात सिलिका असते, म्हणून तर गवताच्या पात्याने बोट कापतं. ही सिलिका शेणातून नदीत जाते आणि पुढे व्हिक्टोरिया सरोवरात. तिथल्या डायअॅटम या सूक्ष्म शैवालाला कवच बांधायला तीच लागते. मारा नदीवरच्याच एका अभ्यासात हे दाखवलंय. पाणघोडे गेले तर सरोवराचं अन्नचक्रही थोडं हलेल.

रोखठोक

म्हणजे शेण हे वरदान. मग आमच्या पंचगंगेने काय पाप केलं? तिथे मासे मेले की आम्ही आंदोलन करायचं आणि मारा नदीत मेले की 'वा, काय निसर्गचक्र'!

अनघड

फरक आहे ना. पंचगंगेत जे येतं ते नदीने कधी पाहिलेलं नव्हतं. मारातले मासे हजारो वर्षं हे झेलत आलेत.

पण तुमच्या टोमण्यात तथ्यही आहे, कारण माणूस मध्ये आला की हेच शेण विष ठरतं. टांझानियातली ग्रेट रुआहा नदी पूर्वी बारमाही होती. वरच्या अंगाला भातशेतीसाठी पाणी उचललं गेलं आणि १९९० च्या दशकापासून उन्हाळ्यात ती खालच्या अंगाला आटू लागली. राहिलेल्या डबक्यांत पाणघोडे दाटीवाटीने उभे. शेण तेवढंच, पाणी नाही. त्या डबक्यांतल्या माशांच्या जाती आणि संख्या दोन्ही घटल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं. दोष पाणघोड्याचा नाही, पाटाचा आहे.

घाटावरचा

शेणावरून आठवलं. शेपटी पंख्यासारखी फिरवून ते चहूकडे उडवणं ही त्याची भाषाच आहे. मोझांबिकमधल्या मापुतो अभयारण्यात निकोला माथेवों या फ्रेंच संशोधकाच्या गटाने पाणघोड्यांना ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले : एक स्वतःच्या कळपातला, एक शेजारच्या कळपातला, एक पार परक्याचा. परक्याच्या आवाजाला सगळ्यात जोरदार उत्तर आलं आणि शेणाचे फवारेही जास्त. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे शेजाऱ्याला आवाजावरून ओळखतात आणि शेजाऱ्याशी जमवूनही घेतात.

दुसरी गोष्ट याहून भारी. नाकपुड्या वर, गळा पाण्याखाली अशा स्थितीत तो ओरडला की तोच आवाज एकाच वेळी हवेतून आणि पाण्यातून जातो. वरचेही ऐकतात, बुडलेलेही.

सावली_म

शेजाऱ्याशी जमवून घेतो, मग नर एकमेकांना फाडतात ते का?

पशुवैद्य_मिरज

नराची हद्द जमिनीवर नसते, फक्त पाण्यात असते, हे लक्षात घ्या. चरायला कुणीही कुठेही जावं. पण नदीचा एक पट्टा एका दांडग्या नराचा. त्या पट्ट्यात दिवसा ज्या माद्या बसतील त्यांच्याशी मीलनाचा हक्क त्याचा. दुबळे नर तिथे राहू शकतात, मान खाली घालून राहिले तर. कोरड्या महिन्यांत पाणी आकसतं, पट्टे आकसतात आणि मारामाऱ्या वाढतात. त्यात पिल्लंही मरतात.

तेव्हा बोट दिसली की तो का धावतो? त्याच्या पट्ट्यात काहीतरी मोठं, आवाज करणारं घुसलंय म्हणून. आणि मादी असेल तर पिल्लासाठी. आठ महिने पोटात वाढवलेलं एकच पिल्लू असतं, ती मगरीलाही सोडत नाही.

मोडीप्रेमी

थोडं अवांतर. आपल्याकडेही पाणघोडे होते हे किती जणांना ठाऊक आहे? नर्मदेच्या खोऱ्यात त्यांचे जीवाश्म मिळतात, तिकडे शिवालिकच्या टेकड्यांतही. आपल्या मांजरेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांतही हत्तींबरोबर पाणघोडा आहे. आजच्या आफ्रिकी पाणघोड्याहून हा वेगळा, हेक्साप्रोटोडॉन या वंशातला. नर्मदेतला शेवटचा पुरावा साधारण १६ हजार वर्षांपूर्वीचा मानतात. पाऊसमान बिघडलं, पाण्याच्या जागा तुटक झाल्या, हे त्याच्या जाण्याचं एक कारण सांगितलं जातं.

बेरकी_बाळू

लातूरला पाणघोडा! आणि आम्ही तिथे रेल्वेने पाणी पाठवलं.

घाटावरचा

बाळू, हा खरा चांगला होता.

निरंजन_ठा

मग जामनगरची बातमी पाहिलीत ना? कोलंबियात पाब्लो एस्कोबार या अमली पदार्थांच्या तस्कराने १९८० च्या दशकात खासगी प्राणिसंग्रहालयासाठी चार पाणघोडे आणले, एक नर, तीन माद्या. १९९३ साली तो मारला गेला. बाकीचे प्राणी इकडेतिकडे हलवले, पाणघोडे कोण उचलणार? ते मॅग्डालेना नदीत पसरले. आता दीडशेच्या वर आहेत. २०२२ साली तिथल्या सरकारने त्यांना आक्रमक परकी प्रजाती ठरवलं आणि २०२३ मध्ये साठ पाणघोडे गुजरातमधल्या जामनगरला पाठवायची योजना पुढे आली.

आणायला पाहिजेत का? मला तरी आणावेत असं वाटतं. गोळी घालण्यापेक्षा बरं.

अनघड

साठ आणले तरी उरलेले तिकडे वाढतच राहणार. मादी अंदाजे दोन वर्षांत एक पिल्लू देते, तिकडे दुष्काळ नाही, सिंह नाही, मगरींचा तसा धाक नाही. आफ्रिकेत त्यांना जे आवरतं त्यातलं तिथे काहीच नाही. नसबंदी सुरू केली आहे, पण दीड-दोन टनाचा नर रात्री पकडायचा, बेशुद्ध करायचा, तो पाण्यात जाऊन बुडू नये हे बघायचं. एकेका शस्त्रक्रियेत सगळे दमतात. मला विचाराल तर काहींना मारणं हाच प्रामाणिक उपाय आहे. शिव्या द्या.

सावली_म

देते! ते बिचारे स्वतःहून विमानात बसले नव्हते.

अनघड

नव्हते. आणि तिथल्या नदीतले मनाटी (पाण्यात राहणारे सस्तन प्राणी) आणि कासवंही त्यांना बोलवायला गेली नव्हती.

तिरफळ

कोलंबियात जास्त झाले म्हणून हळहळतोय, पण मूळ घरी काय चाललंय बघा. जगात मिळून सव्वा लाखाच्या आसपास पाणघोडे उरलेत, २००६ पासून धोक्याच्या यादीत. काँगोतल्या विरुंगा उद्यानात १९७० च्या दशकात जवळपास २९ हजार होते. युद्ध, बंडखोर, मांस आणि सुळे यापायी २००५ च्या सुमारास हजारही उरले नाहीत. १९८९ साली हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि लोकांची नजर या सुळ्यांकडे वळली.

त्यात काळपुळीची (अँथ्रॅक्सची) साथ. २०१७ साली नामिबियाच्या ब्वाब्वाटात शंभरावर मेले. एप्रिल २०२५ मध्ये विरुंगातच पन्नासेक पाणघोडे एडवर्ड सरोवराकडे जाणाऱ्या नदीत फुगून तरंगताना सापडले.

पशुवैद्य_मिरज

साथ त्यांच्यात इतकी का पसरते, याचं एक संभाव्य कारण कुणाला आवडणार नाही. पाणघोडे अधूनमधून मेलेलं जनावर खातात. झिम्बाब्वेत इम्पाला खाताना पाहिल्याची नोंद आहे, मेलेल्या पाणघोड्याला खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. काळपुळीने मेलेलं जनावर खाल्लं की पुढचं सांगायला नको. त्यामुळे 'शुद्ध शाकाहारी' हे चेअरमनसाहेबांपुरतंच ठेवा.

माळावरचा

बाप रे. दोन दिवस कामात होतो, धागा कोलंबियापर्यंत जाऊन आला. सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवला, शेणाच्या भागाला चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या.

आता कामाचा प्रश्न. आमचा तंबू नदीकाठी आहे आणि एक दिवस नैवाशा सरोवरात बोट आहे. बोट रद्द करू का?

कंपालाकर

रद्द करू नका, नैवाशा सुंदर आहे. फक्त मोठी, मोटारीची बोट आणि जाणता नावाडी बघा. तो लांबून फिरवतो, कळप नेमका कुठे बसतो हे त्याला रोजचं ठाऊक. 'अजून जवळ घे' म्हणून त्याला पैसे दाखवू नका. काठावर उतरून फोटो काढत फिरू नका. २०१८ साली तिथे एक तैवानी पर्यटक काठावर फोटो काढतानाच गेला.

तंबूत रात्री घासघास, पाती खुडल्याचा आवाज येईल. चेन उघडून बघायचा मोह होईल, नका उघडू. तो चरतोय, चरू द्या. दिसला आणि जांभई दिली तर ती झोपेची नव्हे, सुळे दाखवतोय. आणि पळून सुटू हा विचार सोडा, जमिनीवर तो ताशी तीस किलोमीटरने येतो. लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने २०२४ मध्ये चित्रफिती तपासल्या तेव्हा जोरात दुडकताना चारही पाय क्षणभर हवेत असतात असं दिसलं. दोन टन, हवेत!

वहिनींना सांगा, त्यांचं अर्धं बरोबर आहे. त्याचं माणसाशी काही वाकडं नाही. पण त्याला हवा तोच सपाट काठ आणि तेच उथळ पाणी आपल्यालाही हवं असतं.

रोखठोक

पुलाचा मुद्दा माझा होता, नोंद असावी.

निरंजन_ठा

माळावरचा, यलो फिवरची लस घेतलीत का? केनियाहून परतताना मुंबई विमानतळावर पिवळं कार्ड मागतात.

माळावरचा

नाही! सहलवाल्यांच्या पत्रकात पाणघोड्यावर परिच्छेद आहे, लशीवर अक्षर नाही. किती दिवस आधी घ्यावी लागते?

पशुवैद्य_मिरज

किमान दहा. आणि सरकारमान्य केंद्रावरच घ्या, तारीख आधी घेऊन ठेवा. माझ्याकडे येऊ नका, मी म्हशींना टोचतो.